वाचलेलं वचन त्याच दिवशी पाळायचं कसं

रोज बायबलमधली पंधराएक वचनं वाचायची, त्यातून निघालेली एक गोष्ट रात्री झोपायच्या आत करायची, आणि दुसऱ्या दिवशी वाचायला बसलं की ती झाली की नाही हे वहीत लिहायचं. पद्धत एवढीच. ऐकायला सोपी आहे, पण सहा महिने चालवणारे थोडे, कारण या तीन टप्प्यांतला पहिलाच आपल्या सवयीचा आहे. घरात शास्त्र वाचलं जातं, रविवारी संदेश ऐकला जातो, घरगुती सभेला हजेरी लागते. पुढचे दोन टप्पे मात्र ‘करायला हवं खरं’ या वाक्यापाशी अडकून पडतात.

नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात, १:२२-२५ मध्ये (पहिला अध्याय, वचनं २२ ते २५), आरशाचा दाखला आहे. माणूस आरशात तोंड बघतो, निघून जातो आणि आपण कसे दिसत होतो ते विसरतो. वचन नुसतं ऐकणाऱ्याचं तसंच होतं, असं याकोब सांगतो. अशा माणसाला तो आळशी म्हणत नाही. हा माणूस स्वतःला फसवतो, असं तो म्हणतो. वचन ऐकून डोळे पाणावले, मन हललं, की आपल्या हातून काहीतरी घडलं असं वाटायला लागतं. फसगत तिथे होते.

आणखी एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. आज्ञा पाळून तारण, म्हणजे पापातून सुटका, मिळत नाही. इफिसकरांस पत्रात २:८-९ मध्ये ते कृपेने, विश्वासाच्या द्वारे, देवाचं दान म्हणून मिळतं असं सांगितलं आहे. लगेच दहाव्या वचनात, आपण सत्कृत्यांसाठी निर्माण केलेले आहोत असंही आहे. काहींना आठवं-नववं तोंडपाठ असतं आणि दहावं कधी आठवत नाही. काहीजण दहाव्याच्या ओझ्याखाली वाकून जातात आणि आठवं विसरतात. तिन्ही वचनं एका दमात पाठ करा. खाली जे काही सांगितलं आहे ते आधीच मिळालेल्या दानावर उभं आहे.

पुस्तक, वही आणि जागा

बहुतेक मराठी मंडळ्यांत (चर्चमध्ये) बायबल सोसायटी ऑफ इंडियाचं ‘पवित्र शास्त्र’ वाचलं जातं. पाठांतर त्यातूनच करा, म्हणजे घरी पाठ केलेलं आणि उपासनेत कानावर पडणारं जुळतं. अर्थ लागण्यासाठी शेजारी सोप्या मराठीतलं एखादं भाषांतर ठेवा. याची गरज का पडते ते एका शब्दावरून कळेल. मार्क १०:४५ मध्ये मनुष्याचा पुत्र, म्हणजे येशू, आपला जीव ‘खंडणी’ म्हणून द्यायला आला असं आहे. आज खंडणी म्हटलं की डोळ्यांसमोर गुंड आणि पोलीस ठाणं येतं. मूळ अर्थ वेगळा आहे: गुलामाला किंवा बंदिवानाला सोडवण्यासाठी भरलेली किंमत. असे शब्द भेटले की वहीच्या शेवटच्या पानांवर लिहीत जा. वर्षभरात पन्नासेक जमतात आणि वाचन पुष्कळ मोकळं होतं.

सोलापुरात या कामाला एक सोय आहे, जी पुण्या-नाशिकच्या घरांत सहसा मिळत नाही. इथे कित्येक घरांत आजी तेलुगूत प्रार्थना करते, आई कानडीत बोलते आणि मुलं मराठी शाळेत जातात. अवघड वचन आलं की आजीला तेच वचन तिच्या शास्त्रातून मोठ्याने वाचायला सांगा आणि अर्थ विचारा. दोन भाषांतरांत जिथे फरक पडतो, तिथे थांबून बघण्यासारखं काहीतरी असतं. मनन मात्र त्याच भाषेत करा ज्या भाषेत तुम्ही रागावता. ज्या भाषेत भांडण होतं, त्याच भाषेत पश्चात्तापही खरा होतो.

(पुण्याला जाताना गाडी दौंडच्या पुढे केडगाव स्टेशनावरून जाते. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं शास्त्र सोप्या मराठीत उतरवलं. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि ते शास्त्र १९२४ मध्ये बाहेर आलं. खेड्यातल्या, फारसं न शिकलेल्या बाईलाही वचन थेट कळावं, ही त्यांची तळमळ होती. न कळलेलं वचन तसंच ओलांडून पुढे जायची सवय लागली असेल, तर हे काम आठवावं.)

दोनशे पानी साधी वही घ्या. डावं पान ‘काय लिहिलं आहे’ यासाठी, उजवं पान ‘आज काय करायचं’ यासाठी. शास्त्रात खुणा पेन्सिलीनेच करा. कागद इतका पातळ असतो की जेल पेनाची शाई मागच्या पानावर उतरते आणि बॉलपेनाने कागदावर वळ उठतात. ही वही कुणाला दाखवायची नसते. दुसरं कुणी वाचणार असं वाटलं की माणूस उजव्या पानावर चांगलं दिसेल ते लिहायला लागतो.

वेळेबद्दल ‘पहाटेच’ असा नियम करू नका. मार्क १:३५ मध्ये येशू पहाटे अंधारात उठून एकांतात गेला असं आहे खरं, आणि एप्रिल-मेमध्ये सोलापुरात गच्चीवर साडेपाचला बसण्यासारखी दुसरी वेळ नाही. पण कारखान्यात रात्रपाळी करून सकाळी घरी येणाऱ्याला ही वेळ जमणार नाही. त्याने झोपून उठल्यावर, जेवणाआधी बसावं. नळाला पाणी यायचा दिवस असेल तर त्या सकाळी घरातल्या बाईला पाच मिनिटंही मिळत नाहीत. त्या दिवसाची वेळ आदल्या रात्रीच ठरवून ठेवा, नाहीतर आठवड्यातले दोन दिवस हमखास बुडतात. मांडीवर सूप घेऊन बिड्या वळणाऱ्या बाईचे हात मोकळे नसतात. तिने मोबाइलवर तोच उतारा तीनदा ऐकावा आणि वही संध्याकाळी भरावी. शास्त्र लिहिलं गेलं तेव्हा बहुतेकांनी ते ऐकलेलंच होतं, त्यामुळे ऐकणं कमी प्रतीचं समजू नका. एकूण वेळ पंचवीस मिनिटं धरा: पाच प्रार्थनेला, पंधरा वाचायला आणि लिहायला, पाच पुन्हा प्रार्थनेला.

सुरुवात कुठून

१ जानेवारीला उत्पत्तीपासून सुरू करू नका. शास्त्रात ६६ पुस्तकं आणि १,१८९ अध्याय आहेत (कॅथॉलिक शास्त्रात पुस्तकं ७३). वर्षात संपवायचं तर रोज तीन-सव्वातीन अध्याय होतात. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमचे ४० अध्याय रोज तीन या वेगाने तीस दिवसांत होतात, म्हणजे ३१ जानेवारीला लेवीय हे तिसरं पुस्तक समोर येतं. होमार्पणं, चरबी, गुरदे, महारोगाचे नियम. नव्या वाचकाला त्यातलं काहीच लागत नाही, आठवडाभर तो ओढत नेतो आणि मग शास्त्र कपाटावर जातं. दोष लेवीयाचा नाही, क्रमाचा आहे.

मार्कापासून धरा. १६ अध्याय आहेत. प्रत्येकाचे तीन भाग पाडले की ४८ दिवस होतात, साधारण सात आठवडे. त्यानंतर याकोब: ५ अध्याय, १०८ वचनं, रोज सहा वचनं घेतली तर १८ दिवस. याकोबात वचनांची संख्या मुद्दाम कमी ठेवायची, कारण तिथे जवळजवळ प्रत्येक वचनात करण्यासारखं काहीतरी आहे. मग फिलिप्पैकरांस पत्र, मग उत्पत्ती. रात्री झोपताना एक स्तोत्र. १५० स्तोत्रं म्हणजे पाच महिने. पुढे कधी संपूर्ण नवा करार क्रमाने वाचायचा झाला तर त्याचे २६० अध्याय आहेत: आठवड्यातून पाच दिवस, रोज एक, की बरोबर ५२ आठवडे. राहिलेले दोन दिवस मागे पडलेलं भरून काढायला मिळतात. ज्या बेतात चुकायला जागा नसते तो बेत टिकत नाही.

डोळे मिटून पान उघडायचं आणि बोट पडेल ते वचन आजचं, ही सवय सोडा. वचनांच्या चिठ्ठ्यांच्या डब्याचंही तेच. वचन खरंच असतं, पण ते कुणाला, कधी, कशासाठी सांगितलं हे हरवतं. यिर्मया २९:११ भिंतीवर पुष्कळ घरांत असतं: तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत. त्याच्या आधीचं दहावं वचन वाचा. बाबेलात धरून नेलेल्या लोकांना तिथे सत्तर वर्षं भरायची आहेत असं त्यात आहे. ज्यांना हे पत्र गेलं त्यातले बरेच जण परत येणारच नव्हते. त्यांना सांगितलं होतं की घरं बांधा, बागा लावा आणि ज्या शहरात आहात त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. हे कळलं की त्या वचनातून आजचं काम निघतं. नुसती चिठ्ठी वाचली तर परीक्षेच्या निकालाची आशा तेवढी निघते.

एक उतारा, सुरुवातीपासून

मार्क ४:१-२० घेऊ, पेरणाऱ्याचा दाखला. बी वाटेवर, खडकाळीवर, काटेरी झुडपांत आणि चांगल्या जमिनीत पडतं; बी म्हणजे वचन आणि चार जमिनी म्हणजे ते ऐकणारे चार प्रकारचे लोक. तीनदा वाचा. पहिल्यांदा मनात, दुसऱ्यांदा मोठ्याने, तिसऱ्यांदा पेन्सिल हातात घेऊन. तिसऱ्या वाचनात फक्त एक काम करायचं: पुन्हापुन्हा येणारा शब्द शोधायचा. इथे तो ‘ऐकणे’ आहे. तिसऱ्या वचनात येशू ‘ऐका’ म्हणून सुरुवात करतो, नवव्यात कान असलेल्याने ऐकावं म्हणतो, आणि पुढे पंधरा, सोळा, अठरा, वीस या वचनांत चारही प्रकारचे लोक वचन ऐकतात. चारही! वाटेवरचाही ऐकतो, काटेरी झुडपांतलाही ऐकतो. बी एकच, पेरणारा एकच. हे डाव्या पानावर लिहा. अर्थ अजून लिहायचा नाही; जे समोर आहे तेवढंच. इथे घाई होते. पाच मिनिटं नुसतं पाहण्यात घालवायला मन तयार नसतं, लगेच ‘मला यातून काय मिळालं’ याकडे धावतं, आणि मग दरवेळी तेच मिळतं जे आधीपासून मनात होतं.

आता न कळलेल्या गोष्टी लिहा. एक प्रश्न शेती पाहिलेल्या कुणालाही पडतो: वाटेवर आणि खडकाळीवर बी टाकणारा हा कसला शेतकरी? आपल्याकडे पाभरीने तासात बी पडतं. तिथे मुठीने विस्कटून पेरत, शेतातूनच पायवाटा जात, आणि बी सगळीकडे पडे. दुसरी गोष्ट ‘खडकाळ’ जमिनीची. सुटे दगडगोटे पसरलेली जमीन, असं चित्र मनात येतं. पाचवं वचन नीट वाचा: माती खोल नव्हती म्हणून ते लगेच उगवलं. म्हणजे वर मातीचा पातळ थर आणि खाली खडक. सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. मंगळवेढ्याच्या खोल काळ्या रानात मालदांडी ज्वारी पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर हिवाळाभर उभी राहते. वीतभर मातीखाली मुरूम लागणाऱ्या माळावर तीच ज्वारी उगवते छान, पण दाणा भरायच्या आधी ओल संपते. सोळा-सतराव्या वचनातला माणूस हा माळ आहे. तो आनंदाने स्वीकारतो, लवकर उगवतो, मूळ नसतं, आणि वचनामुळे त्रास झाला की सुकतो. शिबिरात, जागृतीच्या सभेत घेतलेले निर्णय महिन्याभरात का विरतात, याचं उत्तर इथे आहे.

मग ‘मी कुठली जमीन’ असा प्रश्न विचारतात. तो इतका मोठा आहे की त्याचं खरं उत्तर कुणी देत नाही. त्याचे तुकडे करा. गेल्या रविवारी ऐकलेलं कुठलं वचन सोमवारपर्यंत उडून गेलं? कुठली गोष्ट पाळायला लागल्यावर कुणी हसलं म्हणून मी सोडली? एकोणिसाव्या वचनात तीन काटे आहेत: संसाराची चिंता, पैशाचा मोह, इतर गोष्टींचा लोभ. यातला या आठवड्यात माझ्या गळ्याशी आलेला कुठला? एकच निवडा. तो हप्त्याच्या काळजीचा असेल तर उजव्या पानावर असं काहीतरी येईल: ‘आज रात्री जेवणानंतर हप्त्याचा आकडा बायकोला खरा सांगायचा आणि दोघांनी मिळून त्यावर प्रार्थना करायची.’ ‘चिंता सोडायची’ असं लिहू नका. ते करता येत नाही, आणि केलं की नाही हे उद्या सांगताही येत नाही.

ही आज्ञा मला आहे का

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून थोडं थांबू. लेवीय १९ उघडा. तेराव्या वचनात मजुराची मजुरी सकाळपर्यंत स्वतःपाशी ठेवू नको असं आहे. अठराव्यात शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर असं आहे. एकोणिसाव्यात दोन प्रकारच्या सुताचं कापड अंगात घालू नको असं आहे. चादरी-टॉवेलच्या गावात, टेरिकॉटचा, म्हणजे मिश्र सुताचा, शर्ट घालून हे वाचणाऱ्याने काय करायचं? सोयीचं ते घ्यायचं आणि गैरसोयीचं सोडायचं, असं तर चालणार नाही.

क्रमाने तीन प्रश्न विचारा. ही आज्ञा कुणाला आणि कशासाठी होती? ‘अनुवाद’ या पाचव्या पुस्तकात २२:११ सांगतं की हे दोन प्रकार म्हणजे लोकर आणि ताग (इथे अर्थ लिनन). इस्राएल इतर राष्ट्रांपासून वेगळा दिसावा म्हणून दिलेल्या खुणांपैकी ही एक, असं तिच्याकडे पाहिलं जातं. दुसरा प्रश्न: नव्या करारात हिचं काय झालं? शेजाऱ्यावरची प्रीती येशूने सर्वांत मोठ्या दोन आज्ञांपैकी एक म्हणून पुन्हा सांगितली. अडवलेली मजुरी ओरडते आहे, असं याकोब ५:४ सांगतं. कापडाची आज्ञा मात्र पुन्हा कुठेच येत नाही, आणि परराष्ट्रीय (यहुदी नसलेल्या) विश्वासणाऱ्यांवर नियमशास्त्राचं जू लादायचं नाही हे प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये ठरलं. तिसरा प्रश्न: आज्ञा थेट मला नसली तरी तिच्यातून देवाचा स्वभाव काय दिसतो? म्हणजे शर्ट राहू द्या. पण कामगाराचा शनिवारचा पगार ‘सोमवारी बघू’ म्हणून पुढे ढकलणाऱ्याला, किंवा चांगल्या वळलेल्या बिड्या खराब म्हणून बाजूला काढून बाईच्या मजुरीतून कापणाऱ्याला, तेरावं वचन आजही तसंच लागू आहे, आणि तो माणूस रविवारी पहिल्या बाकावर बसत असला तरी लागू आहे.

उजवं पान

लिहिलेली गोष्ट कामाची आहे का हे बघायला चार कसोट्या आहेत. ती वाचलेल्या वचनातूनच निघते. झोपायच्या आत होऊ शकते. तिची किंमत मी मोजतो, दुसरा नाही. आणि उद्या ‘झाली’ किंवा ‘नाही’ असं एका शब्दात सांगता येते. ‘जिभेवर ताबा ठेवीन’ चौथ्या कसोटीवर पडतं. ‘दुपारच्या सुट्टीत अमक्याबद्दल बोलणं निघालं तर उठून जाईन’ टिकतं. ‘सुनेला नम्र व्हायला सांगेन’ तिसऱ्या कसोटीवर पडतं, आणि हे वाटतं त्यापेक्षा फार वेळा लिहिलं जातं. वचन वाचताना ज्याचा चेहरा आठवतो त्याच्या नावाने ते वचन पाठवून द्यायची हौस सगळ्यांना असते. मोबाइलवर वचन पुढे धाडलं म्हणजे पाळलं, असंही होत नाही.

दोन प्रकारची कामं पुन्हापुन्हा येतील, त्यांची रीत सांगून ठेवतो.

पहिलं, क्षमा मागणं. मत्तय ५:२३-२४ मध्ये अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाशी समेट कर असं आहे. समोरासमोर जा. जमतच नसेल तर फोन करा. मेसेज नको, त्यातला सूर ज्याचा तो लावतो. लग्नघर, सणाची गर्दी टाळा. वाक्य छोटं ठेवा: ‘मी असं असं बोललो, ते माझं चुकलं, मला क्षमा कर.’ त्यात ‘तुला वाईट वाटलं असेल तर’ नको आणि ‘पण तूही’ नको. समोरच्याने लगेच क्षमा केली नाही तरी तुमच्या वहीत ‘झाली’ लिहायचं. त्याचं उत्तर हा तुमच्या आज्ञापालनाचा भाग नाही.

दुसरं, घेतलेलं परत करणं. गणना ५:७ मध्ये मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा द्यायला सांगितलं आहे. लूक १९:८ मध्ये जकातदार जक्कय चौपट द्यायला उभा राहतो. कमीत कमी पहिलं माप धरा. दुकानाच्या गल्ल्यातून गुपचूप पाचशे घेतले असतील तर सहाशे परत. पैसे गुपचूप ठेवून येऊ नका, सांगून द्या. अवघड भाग तोच आहे. एकदम जमत नसेल तर किती हप्त्यांत देणार ते त्याच्यासमोर ठरवा आणि पहिला हप्ता आजच द्या.

इथे एक इशारा, आणि तो महत्त्वाचा आहे. घरात मारहाण होत असेल तर ‘क्षमा कर’ याचा अर्थ ‘तिथेच राहा’ असा होत नाही. कुणी वचन दाखवून तसं सांगत असेल तर ते ऐकू नका. अन्याय करणाऱ्याला आवरण्यासाठी अधिकारी नेमलेले आहेत, असं रोमकरांस १३:४ मध्येच आहे. ११२ वर फोन करणं हे आज्ञाभंगात बसत नाही. आधी सुरक्षित जागी जायचं. क्षमेचं काम नंतर, सावकाश, देवापुढे होतं.

कुठे बिघडतं

दिवस बुडतो. बुडणारच. मग माणूस राहिलेले चार दिवस एका बैठकीत भरून काढायला बसतो, थकतो आणि सोडून देतो. राहिलेलं सोडा, आजच्या तारखेपासून वाचा. पाप घडलं असेल तर १ योहान १:९ प्रमाणे नाव घेऊन कबूल करा, ‘माझ्या सगळ्या चुकांची क्षमा कर’ असं घाऊक नको, आणि त्याच दिवशी पुढचं वाचायला लागा. स्वतःला शिक्षा म्हणून दोन दिवस प्रार्थना न करणारे लोक असतात. त्यांनी इफिसकरांसचं आठवं वचन पुन्हा म्हणावं.

कधी महिना-दोन महिने काहीच जाणवत नाही, शब्द कोरडे लागतात. आधी झोप आणि जेवण बघा. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा मरण मागत झाडाखाली पडतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाजलेली भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा खायला देतो. देवाची वाणी त्यानंतर होरेब डोंगरावर ऐकू येते. झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर पाळकांशी (चर्चच्या धर्मगुरूंशी) बोला आणि डॉक्टरकडेही जा. दोन्ही करायचं.

ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होतो आणि त्याच सुमारास सोलापूरचं ऊन चढायला लागतं. उपवास धरा, पण पाणी सोडू नका. मधुमेहाचं औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. यशया ५८:६-७ वाचून वाचलेल्या जेवणाचे पैसे त्याच दिवशी भुकेल्याच्या हातात द्या. महिनाअखेरीला एकत्र देऊ म्हटलं की ते घरखर्चात जातात.

पाठांतर टिकत नाही, अशी तक्रार असते. आठवड्याला एकच वचन घ्या. पहिल्या दिवशी दहा वेळा मोठ्याने, मग रोज तीनदा, चौथ्या दिवशी प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर लिहून त्यावरून म्हणा, रविवारी घरात म्हणून दाखवा. जुनी वचनं महिन्याच्या पहिल्या तारखेला सगळी एकदा. ११९ वं स्तोत्र मूळ हिब्रूत २२ अक्षरांवर, प्रत्येक अक्षराची आठ वचनं अशा बांधणीचं आहे, ते पाठ व्हायला सोपं जावं म्हणूनही असेल. आपल्याकडे हेच काम चाल करते. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगांत आणि भजनांत गायली, त्याचं मोल इथे कळतं. पेटी-टाळांवर म्हटलेलं वचन म्हातारपणीही जात नाही.

एकट्याने नको

चार ते आठ जणांचा गट करा, आठवड्यातून एकदा, पाऊण तास. पहिला प्रश्न ठरलेला: ‘गेल्या आठवड्याची गोष्ट झाली का?’ या प्रश्नाआधी गाणं नको, चहा नको, नाहीतर तो प्रश्न राहून जातो. बाया आणि पुरुष यांचे गट वेगळे असलेले बरे, कबुली मोकळी होते. गटात ऐकलेलं बाहेर गेलं, अगदी ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून गेलं, तरी गट संपला असं समजा. मोठ्या पापाची कबुली सगळ्यांपुढे न देता एका प्रौढ विश्वासू माणसापाशी किंवा पाळकांपाशी द्यावी.

रविवारचा संदेश ऐकताना वचनांचे आकडे लिहून घ्या आणि संध्याकाळी घरी ती वचनं मागच्या-पुढच्या ओळींसह वाचा. बिरुया गावच्या लोकांनी प्रेषित पौलाच्या बोलण्याचीही शास्त्रात खातरी करून घेतली, आणि प्रेषितांची कृत्ये १७:११ मध्ये त्यांचं कौतुकच आहे. पाळकांचा अनादर होईल ही भीती नको. चांगल्या पाळकाला असा ऐकणारा हवाच असतो.

लहान मुलं असतील तर रात्री जेवणाआधी दहा-पंधरा मिनिटं: ‘उपासना संगीत’ या गीतांच्या पुस्तकातलं एक गीत, सहा-सात वचनं, मुलांना एकच प्रश्न, छोटी प्रार्थना. मुलांसमोर आईबापांनी आपली ‘नाही झाली’ ही नोंदही कधीतरी सांगावी.

मार्क संपला की, म्हणजे ४८ व्या दिवसाच्या आसपास, वही घेऊन तासभर बसा आणि फक्त उजवी पानं उलटा. ‘नाही’ कुठे कुठे आहे ते बघा. बहुतेक वेळा ते विखुरलेले नसतात. एकाच माणसापाशी, एकाच व्यवहारापाशी किंवा दिवसाच्या एकाच वेळी साचलेले असतात. ती जागा एका ओळीत लिहा, गटातल्या एकाला दाखवा, आणि याकोबाचा पहिला अध्याय ती ओळ समोर ठेवून वाचायला घ्या.